सरखेलांचं पाणी : कान्होजी आंग्रे पुरवणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही पुरवणी म्हणजे नेमकं काय? खेळायला काय काय लागतं?

टेबलाभोवती बसून, बोलत आणि फासे टाकत खेळायच्या भूमिका-खेळासाठी ही जोड आहे. पात्र कसं बनवायचं, फासा कसा मोजायचा, मार कसा लागतो हे मूळ नियम इथे पुन्हा छापलेले नाहीत. ते 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीच्या एसआरडी ५.१ (सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट) या मोफत दस्तऐवजातून घ्यायचे. आम्ही जे दिलंय ते कोकण किनाऱ्याचं : भरती-ओहोटी, गुराबा-गलबतं, दस्तकं (जहाजांचे परवाने), किल्ले, दर्यावर्दी पार्श्वभूमीची सहा पात्रं (तांडेल म्हणजे गलबताचा प्रमुख, सुकाणी, गोलंदाज, सुतार, जासूद, कारकून) आणि तीन साहसं. काळ साधारण १६९८ ते १७२१. पहिलं साहस त्याच्याही थोडं आधीचं आहे.

लागतं ते एवढंच : एक सूत्रधार (खेळ चालवणारा), तीन ते पाच खेळाडू, सात फाशांचा एक संच (दोघांत एक चालतो), पेन्सिली, चौकटीचा कागद आणि ज्यात तिथी स्पष्ट दिसते असं भिंतीवरचं कॅलेंडर. कॅलेंडर कशाला, ते खाली भरतीच्या प्रश्नात आहे.

आमच्या गावात वीस बाजूंचा फासा मिळत नाही. काय करू?

हाउजीच्या पिशवीतल्या १ ते २० या सोंगट्या वेगळ्या काढा आणि कापडी पिशवीतून एकेक उचला. प्रत्येक वेळी सोंगटी परत टाकून पिशवी हलवायची. इथेच बहुतेकांचं चुकतं. सोंगटी बाहेर ठेवली की पुढच्या खेळाडूची शक्यता बदलते. २० एकदा निघून गेला की उरलेल्या डावात तो कुणालाच येत नाही.

कवड्यांचा मोह होतो, पण फाशाऐवजी कवड्या नकोत. पाच कवड्या टाकल्या तर ० ते ५ असे सहा आकडे मिळतात खरे, पण ते सारख्या प्रमाणात पडत नाहीत. कवडी उताणी-पालथी सारखीच पडते असं धरलं, तरी ३२ पैकी २० वेळा उत्तर २ किंवा ३ येतं. ० आणि ५ मिळून फक्त दोनदा. मग धाडसी खेळाडूचा मोठा घाव बसतच नाही आणि खेळ मचूळ होतो. कौल लावण्यासाठी मात्र कवड्या उत्तम. त्याचा नियम पुढे आहे.

कान्होजींची भूमिका खेळाडूनं करायची का?

नाही. हा निर्णय आम्ही विचार करून घेतला आणि तो बदलू नये असं आमचं मत आहे. कान्होजी आंग्रे म्हणजे मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजेच प्रमुख. छत्रपती राजारामांच्या काळात, १६९८च्या सुमारास, हा किताब त्यांना मिळाला. १७२९मध्ये अलिबागेत ते वारले, समाधीही तिथेच आहे. खेळाडूंपैकी एकजण सरखेल झाला की बाकीचे चार आपोआप त्याचे हुजरे होतात आणि प्रत्येक निर्णय त्याच्याकडे बघून घेतला जातो.

म्हणून पुरवणीत ते आज्ञापत्रातून बोलतात. प्रत्येक साहसाच्या सुरुवातीला दोन-तीन ओळींची आज्ञा येते : काय करायचं, काय करायचं नाही, कोणत्या तिथीपर्यंत. उरलेलं खेळाडूंच्या डोक्यावर. प्रत्यक्ष भेट तीन साहसांत मिळून एकदाच होते आणि ती छोटीच ठेवा. सूत्रधारानं सरखेलांच्या तोंडी लांब भाषण घातलं की तेज उतरतं.

ते चाचे होते ना? मग आम्ही चाच्यांचा खेळ खेळतोय का?

मुंबईच्या इंग्रजांनी त्यांना चाचे लिहिलं, कारण इंग्रजांना आपल्या गलबतांवर जकात द्यायची नव्हती. कान्होजींची बाजू साधी होती : हा किनारा छत्रपतींचा, इथून माल न्यायचा तर दस्तक घ्या. पोर्तुगीज याच समुद्रात तेच करत होते, त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. १७१४मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनं कान्होजींचा शाहू महाराजांशी तह झाला, सरखेलपद कायम राहिलं आणि २६ किल्ले त्यांच्याकडे राहिले. ज्याच्याकडे पद, मुलूख आणि करार आहे त्याला चाचा म्हणणं चूक.

खेळात याचा थेट परिणाम होतो. लुटीचे गुण इथे मिळत नाहीत. दस्तक असलेलं जहाज लुटलंत तर सरखेलांची मर्जी दोन घरं खाली येते. चार घरं खाली आली की तुमचं गलबत काढून घेतलं जातं.

भरती-ओहोटीचा नियम इतका महत्त्वाचा का? वगळला तर चालेल?

वगळलात तर पुरवणीच उरत नाही. तलवार, तोफ, जादू या गोष्टी कुठल्याही खेळात मिळतात. अलिबागसमोरच्या कुलाब्याच्या किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं आणि भरतीला होडी लागते, ही गोष्ट मात्र इथलीच. खाडीच्या तोंडावरची वाळू, पुळणीवर ओढलेली होडी, खडकात अडकलेली गुराब, सगळं पाण्याच्या वेळेवर चालतं.

हिशोब किनाऱ्यावरच्या लोकांना पाठ असतो : पंधरवड्यातल्या तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला. पंचमीला पावणेचार. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी.

खेळात असं वापरा. साहस सुरू करताना सूत्रधार तिथी जाहीर करतो. वेळ मोजायला कागदावर बारा घरांचं गोल घड्याळ काढा, भरती आणि ओहोटीच्या घरांवर एकेक चिंचोका ठेवा. पात्रांनी तासभराचं काम केलं की वेळेचा मणी एक घर पुढे. कुलाब्याची वाट ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास मोकळी. त्यापुढे अर्धा तास कमरेइतकं पाणी, त्यात चाल निम्मी. नंतर पोहणं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण : पाणी खूप चढतं आणि खूप ओसरतं. अष्टमीच्या सुमारास भांग : चढ-उतार दोन्ही कमी. भांगेला कुलाब्याची वाट आमच्या नियमात कधीच कोरडी होत नाही, गुडघाभर पाणी राहतंच. तोफ ओढून न्यायची योजना असलेल्या खेळाडूंना हे आधी कळलं पाहिजे. त्यांनी विचारलं तर लगेच सांगा, फासा टाकायला लावू नका. ज्याचं पात्र किनाऱ्यावर वाढलंय त्याला ही माहिती असतेच.

दोन चुका हमखास होतात. एक, तिथी १५ च्या पुढे मोजत जाणं. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून सुरुवात करायची. दोन, मालवणला अलिबागचाच चढ-उतार धरणं. भरतीची लाट दक्षिणेकडून वर येते, त्यामुळे मालवणला भरती अलिबागच्या आधी होते. शिवाय अलिबागकडे उधाणाला पाणी जितकं चढतं-उतरतं त्याच्या जवळजवळ निम्मंच मालवणकडे. दक्षिणेतल्या साहसासाठी वेळ पाऊण तास अलीकडे घ्या.

हा हिशोब खेळापुरता. खरोखर कुलाब्यात जायचं असेल तर त्या दिवसाची वेळ तिथल्या लोकांना विचारूनच पाण्यात पाऊल टाका.

गुराब, गलबत, शिबाड : फरक काय आणि आकडे कुठून आले?

गुराब म्हणजे लढाऊ जहाज, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं. रुंदीला चांगलं, पण पुढं निमुळतं होत जाणारं. नाळेवरून (पुढच्या टोकावरून) थेट समोर मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा, ९ ते १२ पौंडी गोळ्यांच्या, हे तिचं वैशिष्ट्य. गलबत म्हणजे मोठं वल्ह्यांचं जहाज, फार तर ७० टनांचं. चाळीस-पन्नास वल्ही, दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा आणि निवांत पाण्यात ताशी ४ मैल. शिबाड हे व्यापारी जहाज. ते लढत नाही, तपासलं जातं.

आमचे आकडे :

गलबत : आर्मर क्लास (मार लागायला गाठावा लागणारा आकडा) १३, हिट पॉइंट (बुडेपर्यंत सोसता येणारा मार) ८०, छोट्या तोफेचा मार ३डी१० (दहा बाजूंच्या तीन फाशांची बेरीज).
गुराब : आर्मर क्लास १४, हिट पॉइंट २००, नाळेवरच्या तोफेचा मार ५डी१०.
इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज : आर्मर क्लास १५, हिट पॉइंट ३००, एका बाजूला ८ तोफा, प्रत्येकी ४डी१०, मागे फक्त दोन.
शिडं, कोणत्याही जहाजाची : आर्मर क्लास १२, हिट पॉइंट ६०. शून्य झाली की वाऱ्यावरची चाल शून्य.
सगळ्या तोफांना नेमाचा बोनस +५, वीस बाजूंच्या फाशात मिळवायचा.

समुद्रावरची एक फेरी एका मिनिटाची, म्हणजे नेहमीच्या दहा फेऱ्यांची. कागदावरचं एक घर ३५० फुटांचं. हे माप गलबतावरूनच बेतलंय : ताशी ४ मैल म्हणजे मिनिटाला साधारण ३५० फूट, म्हणून वल्ह्यांवर गलबत एका फेरीत बरोबर एक घर सरकतं. मोठी तोफ तीन फेऱ्यांतून एकदा, छोटी दोन फेऱ्यांतून एकदा. दहा फेऱ्या जोरात वल्हवल्यावर वल्हेकऱ्यांची कॉन्स्टिट्यूशन (दमाची) तपासणी, डीसी (जमण्यासाठी गाठायचा आकडा) १२. पुढच्या प्रत्येक फेरीला डीसी एकानं वाढतो. चुकली की पाच फेऱ्या चाल निम्मी.

पहिल्याच लढाईत आमचं गलबत बुडालं. नियम फार कडक आहेत का?

तुम्ही शत्रूच्या कुशीवर, म्हणजे बाजूच्या तोफांसमोर गेलात. गणित बघा. आठ तोफा, +५, समोर आर्मर क्लास १३ : प्रत्येक तोफ शंभरात ६५ वेळा लागते. म्हणजे सरासरी पाच गोळे. ४डी१०ची सरासरी २२, एकूण ११० च्या वर. गलबताचे हिट पॉइंट ८०. एका सरबत्तीत खेळ संपतो आणि संपायलाच हवा. तोफांच्या रांगेसमोर वल्ह्यांची होडी नेणारा तांडेल खऱ्या समुद्रातही वाचला नसता.

मागून या. तिथे दोनच तोफा, सरासरी २९ चा मार. तेवढा गलबत झेलतं. आंग्र्यांच्या आरमाराची रीत हीच होती, आणि नियम तिच्याभोवती बांधलेत :

वारा पडण्याची वाट बघा. वारा नसेल तर कंपनीचं जहाज जागचं हलत नाही आणि वळतही नाही. दोन गलबतांनी गुराबेला दोर लावून ओढा, दोन फेऱ्यांत एक घर सरकते. शत्रूच्या वरामीमागे (जहाजाच्या मागच्या टोकामागे) चार घरांवर गुराब आणून नाळेवरच्या दोन तोफा शिडांवर चालवा. शिडांवर एका सरबत्तीत सरासरी ३८ चा मार, म्हणजे दोन सरबत्त्यांत बहुतेक वेळा शिडं खाली येतात. मग दोर सोडून गलबतं दोन्ही बाजूंनी मागून भिडवा आणि चढा. चढायला अ‍ॅथलेटिक्स डीसी १३.

घाई इथे नडते : शिडं पडायच्या आधी वारा उठला तर शत्रू एका फेरीत अष्टमांश वळतो, दोन फेऱ्यांत त्याची कूस तुमच्याकडे होते. म्हणून दोर कधी सोडायचा हा सगळ्यांत कठीण निर्णय आहे. तो तांडेलानं एकट्यानं घ्यावा आणि मोठ्यानं सांगावा.

वारा कसा ठरवायचा?

पहाटे मतलई, जमिनीकडून समुद्राकडे. दुपारनंतर खारा, समुद्राकडून जमिनीकडे. मधे, साधारण सकाळी नऊ ते अकरा, डी६ टाका : १ ते ४ आला तर वारा पडला. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर पुन्हा तीच तपासणी. बाहेर पडायचं तर मतलईवर, परतायचं तर खाऱ्यावर. मतलईवर बंदरात शिरायचा हट्ट धरणाऱ्यांना प्रत्येक घरासाठी सुकाण्याची तपासणी द्या, डीसी १५.

दस्तक तपासणं कंटाळवाणं होतं. काही उपाय?

कागद खरा हातात द्या. पुरवणीत बारा दस्तकं छापलेली आहेत, कापून वापरायची. प्रत्येकात सात रकाने : जहाज, नाखवा, माल, वजन, कुठून, कुठे, मुदत. मोडी वाचता यायची गरज नाही, मागच्या बाजूला देवनागरीत तोच मजकूर आहे. फक्त कारकुनाचं पात्र मागची बाजू आधी वाचू शकतं.

मग सूत्रधारानं तीनच गोष्टी सांगाव्यात, फाशाविना. उदाहरण :

"शिबाड दाभोळचं. कागदावर भात, ४० खंडी. शिक्का ठीक, मुदत ठीक. पण शिबाड हातभर खोल बसलंय. आणि नाखवा तुमच्याशी बोलताना पाय एकाच फळीवर रोवून उभा आहे."

इथे थांबायचं. कुणी विचारतं, "खाली काय आहे?" कुणी म्हणतं, "नाखवादादा, जरा बाजूला सरा." फळीखाली तांब्याचे पत्रे असतात, मुंबईच्या एका इंग्रज व्यापाऱ्याच्या खुणेचे. देशी जहाजातला माल इंग्रजांचा म्हणायचा की नाखव्याचा? कंपनीच्या निशाणाआड खासगी माल चालतो ही सरखेलांची खरी तक्रार होती आणि भांडणाचं मूळही. माल धरला तर 'मुंबईचा राग' एका घरानं वाढतो. सोडला तर सरखेलांची मर्जी एका घरानं उतरते. राग सहा घरांवर पोचला की इंग्रजांची मोहीम निघते, मग तिसरं, कुलाब्याचं साहस ठरल्यापेक्षा आधी सुरू होतं.

खूण चुकवू नका, लपवूही नका. शिबाड खोल बसलंय हे पर्सेप्शनच्या (निरीक्षणाच्या) फाशामागे दडवलं की चारही जण नापास होतात, कागद खरा म्हणून शिबाड निघून जातं आणि पुढचं काहीच घडत नाही. फासा निर्णयानंतर टाका : फळी उचलताना नाखवा काय करतो, खलाशी वल्ह्याला हात घालतात का.

सुवर्णदुर्गच्या साहसात पोहताना आमची निम्मी पात्रं मेली.

हे पहिलं साहस. सांगितलं जातं की जंजिऱ्याच्या सिद्दीनं वेढा घातला असताना किल्लेदारच फितूर झाला, तेव्हा तरुण कान्होजींनी किल्ला सांभाळला, लढताना ते पकडले गेले, निसटले आणि पोहत किल्ल्यात परतले. खेळाडू त्यांच्या बरोबरचे चार शिपाई.

किनारा ते किल्ला सुमारे पाव मैल, १३२० फूट. तीस फूट चालीचं पात्र पोहताना फेरीला १५ फूट जातं, म्हणजे ८८ फेऱ्या, जवळजवळ नऊ मिनिटं. एवढे फासे कुणी टाकत बसू नयेत. तीनच तपासण्या : किनाऱ्याजवळच्या लाटा डीसी १०, मधला ओढा डीसी १३, खडकावर चढणं डीसी १५.

पहिल्या छपाईत प्रत्येक चुकीला थकव्याची एक पायरी होती. चूक तिथे होती. थकव्याच्या पहिल्याच पायरीला सगळ्या तपासण्यांवर, दोनदा टाकून लहान आकडा घ्यायचा असा, डिसअ‍ॅडव्हांटेज येतो, म्हणजे एकदा चुकलेला पुढेही चुकण्याची शक्यता खूप वाढते. आता नियम असा : थकवा फार तर एक पायरी आणि तो खडकावर पोचल्यावर लागू. पाण्यातली दुसरी चूक झाली तर पात्र ३०० फूट वाहून जातं आणि एक जादा तपासणी करतं. साथीदारानं हात दिला तर त्या तपासणीवर दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा अ‍ॅडव्हांटेज, पण त्याच्या स्वतःच्या पुढच्या तपासणीचा डीसी दोननं वाढतो. ओहोटी लागलेली असेल तर मधला ओढा डीसी १५ धरा. ढाल आणि चिलखत किनाऱ्यावरच टाकावं लागतं. लहान सुरी आणि भाला पाण्यात नीट चालतात, लांब तलवार चालत नाही, हे मूळ नियमांतच आहे.

पात्रं चौथ्या पातळीपुढे का जात नाहीत?

पाचव्या पातळीला तिसऱ्या दर्जाची जादू मिळते. त्यात वॉटर ब्रीदिंग आहे : दहाजणांना २४ तास पाण्याखाली श्वास, तोही विधी करून, जादूचा साठा न वापरता. वॉटर वॉकही आहे. या दोहोंनी भरती-ओहोटी निकामी होते. फायरबॉल तर २० फूट त्रिज्येतलं सगळं जळाऊ पेटवतो आणि लाकडी जहाजावर जळाऊ नाही असं काहीच नसतं. तुम्हाला पुढे न्यायचंच असेल तर निदान या तीन जादू वगळा. दुसऱ्या दर्जाची गस्ट ऑफ विंड ठेवली आहे, पण ती शिडांना मदत करत नाही, फक्त फळीवरच्या माणसांना ढकलते.

भुतंखेतं किती आणावीत?

कमी, आणि जागेला धरून. खांदेरीवर वेताळाचं देऊळ आहे आणि ठोकल्यावर भांड्यासारखा वाजणारा एक दगडही. तो दगड आम्ही इशाऱ्यासाठी वापरला आहे : रात्री तो वाजला की गलबतातल्या कोळ्यांपैकी कुणीही पुढे वल्हवत नाही, डीसी कितीही असो. खाडीत गिऱ्हा, रानवाटेला चकवा, गावाच्या वेशीवर देवचार. त्यांच्याशी लढायचं नसतं. गाऱ्हाणं घालून, मान देऊन वाट मागायची. राखणदाराचे हिट पॉइंट आम्ही मुद्दामच लिहिलेले नाहीत.

कौल लावायचा तर पाच कवड्या : तीन किंवा जास्त उताण्या पडल्या तर उजवा कौल, नाहीतर डावा. खऱ्या कौलाला देवाला लावलेल्या पाकळ्या किंवा तांदूळ असतात, टेबलावर ती नक्कल करू नये असं आम्हाला वाटतं. प्रश्न हो-नाहीत उत्तर येईल असाच विचारायचा आणि एका साहसात एकदाच. उजवा कौल मिळालेल्या कामात एकदा अ‍ॅडव्हांटेज. डावा मिळूनही काम केलं तर शिक्षा नाही, पण गलबतावरच्या माणसांचा धीर एका घरानं उतरतो.

सिद्दी, फिरंगी, इंग्रज हे कायमचे खलनायक आहेत का?

नाहीत. जंजिऱ्याचे सिद्दी कसलेले दर्यावर्दी होते आणि उंदेरी त्यांच्या हातात असताना समोरच्या खांदेरीला रोज त्यांच्याशी गाठ होती. शत्रू म्हणून त्यांना बुद्धी द्या, कारण द्या. जन्मानं दुष्ट असणारी जमात या पुरवणीत कुठेच नाही. तुमच्या गलबतावरही कोळी, भंडारी, खारवी, गाबीत, दालदी मुसलमान सगळे आहेत, तसेच ठेवा. पात्राला जात लावून वरून गुण-दोष चिकटवायचे नाहीत.

बोली कोणती वापरायची?

तुमच्या टेबलाला येते ती. अलिबागेत आगरी, संगमेश्वराकडे संगमेश्वरी, मालवणात मालवणी. येत नसलेल्या बोलीची नक्कल करण्यापेक्षा साधी मराठी बरी.

पावसाळ्यात खेळ थांबतो का?

समुद्रावरचा थांबतो. ज्येष्ठात जहाजं वर ओढली जातात, नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात. मधले दिवस एका बैठकीत उरका. प्रत्येक पात्राला तीन कामं : जहाज दुरुस्त करणं, माणसं जमवणं, बातमी काढणं. तळाला चिकटलेली कालवं खरवडून, लाकडाला लागलेली कीड काढून फटी बुजवल्या नाहीत तर पुढच्या हंगामात गलबताचे हिट पॉइंट ८० ऐवजी ६५.

मे महिन्यात घरात आठ-नऊ मुलं असतात. सगळ्यांना घेता येईल?

दोन गलबतं करा, प्रत्येकावर एक तांडेल. लढाईत एका गलबताच्या मुलांनी एकत्र ठरवून तांडेलानं एकच हुकूम सांगायचा, दोन मिनिटांच्या आत. किनाऱ्यावरच्या प्रसंगात मात्र एका वेळी चारच जण पुढे, बाकीच्यांना सूत्रधाराची पात्रं द्या : नाखवा, पहारेकरी, फिरंगी गोलंदाज. बारा वर्षांखालच्यांना समुद्री लढाई लांब वाटते. तीनपेक्षा जास्त जहाजं उतरवू नका, नाहीतर दीड तास त्यातच जातो.

कुलाब्याच्या साहसात शत्रू सहा हजार आहेत. चार पात्रं काय करणार?

१७१७ला विजयदुर्ग, १७१८ला खांदेरी, १७२०ला पुन्हा विजयदुर्ग, असे इंग्रजांचे हल्ले फसल्यावर १७२१च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. ही मोहीमही फसली. पात्रांनी सैन्य हरवायचं नाही. त्यांना तीन कामांपैकी दोनच जमतील एवढा वेळ दिलाय : छावणीतलं पिण्याचं पाणी तोडणं, दोन सैन्यांमधला बेबनाव वाढेल असं पत्र पोचवणं, बाजीरावांच्या फौजेला वाट दाखवणं. पाण्याचं काम खेळाडू हलकं समजतात. मूळ नियमांत माणसाला दिवसाला एक गॅलन लागतं, उन्हात दोन. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. सहा हजारांना दिवसाला साडेबावीस हजार लिटरच्या वर. हा आकडा टेबलावर मोठ्यानं सांगा, मग विहिरीवरचा पहारा कुणालाच लहान वाटत नाही.

पुढचा काळ खेळता येईल?

येईल, पण सूर बदलतो. कान्होजींनंतर सेखोजी, मग संभाजी आणि मानाजी यांच्यात फूट, पुढे तुळाजी. १७५५ला सुवर्णदुर्ग पडला, फेब्रुवारी १७५६ला विजयदुर्ग. शेवट माहीत असलेली ती गोष्ट आहे. आम्ही तिच्यासाठी फक्त दोन पानांची टिपणं दिली आहेत.

यात भर घालून विकता येईल का?

एसआरडी ५.१ जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्युशन ४.० परवान्याखाली आलं. भाषांतर, बदल, विक्री सगळं चालतं. त्या दस्तऐवजात दिलेलं श्रेयाचं वाक्य छापायचं आणि बदल केले असतील तर तसं लिहायचं. मूळ खेळाचं बोधचिन्ह वापरायचं नाही. आमचा मजकूरही त्याच परवान्यावर आहे. चित्रं मात्र नाहीत, ती वगळा.

छापताना काय काळजी घ्यावी?

ए-४, काळा-पांढरा पुरतो. दस्तकं जाड कागदावर, बाकी साध्यावर. शाईफवारा (इंकजेट) छपाई दमट हवेत ओल्या बोटांनी पसरते, लेझर छपाई टिकते. पात्रांची पानं पेन्सिलनंच भरा, हिट पॉइंटचा रकाना खोडून खोडून फाटतो म्हणून त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी लावून वर स्केच पेननं लिहा. भरतीचं घड्याळ लॅमिनेट करा. नकाशे छापताना 'पानाला बसवा' हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर चौकट आकसते आणि गलबताची सोंगटी दोन घरांवर पडते.